क नसलेली भाषा

अण्णा, आईला आपली भाषा येत होती. तुम्हाला हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं, असं तिनंच मला सांगितलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता थोडा वेळ लागतो. आधी तुमचं खाकरणं आठवतं, मग त्याच्या मागून आवाज येतो. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. बेळ्ळंदूरच्या ह्या फ्लॅटमध्ये रविवारची दुपार आहे आणि मी एकटी आहे. खाली मुलं क्रिकेट खेळतायत. कन्नड, हिंदी, तेलुगू, इंग्रजी सगळं एकदम वर येतं. मराठी येत नाही, आणि आपली तर कुठून येणार.

सगळं क्रमानं सांगते. त्यातलं बरंच तुम्हाला माहीत आहे, पण मधूनच सुरुवात केली तर मला जमणार नाही. तुम्ही इराकहून परत आलात तेव्हा मी तिसरीत होते. कंपनीनं तुम्हाला तिकडच्या एका फाउंड्रीच्या उभारणीला पाठवलं होतं, आणि तुम्ही नव्हतात त्या काळात माझं बोलणं अडकायला लागलं होतं. माझं नाव क नं सुरू होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. वर्गात नव्या बाई आल्या की प्रत्येकानं उभं राहून नाव सांगायचं. माझी पाळी आली की मी उभी राहायची आणि क, क, क एवढंच. मागच्या बाकांवरून 'कोळी, कोळी' असा गलका व्हायचा. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी. घरी आल्यावर आई विचारायची, आज शाळेत काय झालं, आणि सांगायला गेले की तिच्यासमोरही तेच. ती हातातलं काम टाकून पुढ्यात उभी राहायची, माझ्या ओठांकडं बघत. "नीट बोल. सावकाश. आधी श्वास घे बघू." ती जितकी जवळ यायची तितकं माझं तोंड घट्ट मिटायचं. कंपनीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, वाढेल तशी सुटेल. आईला तेवढं थांबवत नव्हतं.

तुम्ही आलात ते खजुराचा डबा, दोन जाड चादरी आणि तिकडच्या कामगारांकडून उचललेलं मोडकंतोडकं अरबी घेऊन. शेजारच्या कन्नड अक्कांना मी धावत जाऊन सांगितलं, अण्णा आले, तर कन्नडमध्ये अण्णा म्हणजे मोठा भाऊ, त्या म्हणाल्या, तुला मोठा भाऊ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. अण्णा हा शब्द मला कधी अडला नाही. पुढचे काही दिवस तुम्ही माझ्याशी फारसं बोलला नाहीत, नुसतं ऐकत होतात. मग एका रविवारी तुम्ही मला क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसवलंत आणि विचारलंत, "झाडावरनं आंबा पडतो. पोरं आंबा पाडतात. पडतो आणि पाडतात, मधे काय बदललं?" मला उत्तर येत होतं. पण 'काना' हा शब्द क नंच सुरू होतो. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी बोटानं मातीत एक उभी रेघ ओढली. तुम्ही त्या रेघेकडं बघत राहिलात. मला वाटलं, आता म्हणाल, तोंडानं सांग. तुम्ही म्हणालात, "शाब्बास. एवढ्या एका रेघेनं पडणाऱ्याचा पाडणारा झाला. मरणाऱ्याचा मारणारा होतो तसा. तिकडच्या भाषेत सगळी भाषाच अशी आहे. आपल्या कोर्टकचेरीच्या मराठीत त्यातलं थोडं आलंय बघ. दखल, दाखल, दाखला. द, ख, ल जागचे हलत नाहीत. मधले स्वर तेवढे येतात जातात."

हे मला नीट कळलं ते आयुधपूजेला. त्या दिवशी कारखान्याचं फाटक घरच्यांसाठी उघडं असायचं, यंत्रांना झेंडूच्या माळा, दारात फोडलेल्या कोहळ्यावर कुंकू. तुम्ही मला तुमच्या विभागात नेलंत. भट्ट्या थंड होत्या. वाळूचे साचे ओळीनं मांडून ठेवले होते आणि तुम्ही त्यांच्यात माझा हात धरून फिरवत होतात. "ह्यात ओतलं की व्हॉल्व्ह होतो. ह्यात ओतलं की चाक. धातू तोच." मग थांबून हसलात. तुम्हाला ते तिथंच सुचलं असावं. "व्याकरणात पण धातूच म्हणतात की गं! क्रियापदाच्या मुळाला. आपण करूया का? तीन अक्षरांचा धातू आणि स्वरांचे साचे. आपली भाषा." घरी येताना स्कूटरवर तुम्ही मान मागं वळवून पहिला धातू सांगितलात. व, ल, म. बोलण्याचा.

वलम म्हणजे बोलणं. वालिम, बोलणारा. वुलूम, बोलून झालेलं. वेलाम, बोलण्याची जागा. आपली मागची पायरी म्हणजे वेलाम. एकदा साचे कळले की नवा धातू मिळाला रे मिळाला की चार शब्द फुकट. न, ह, ल म्हणजे पाणी, तर नाहिल पाणी पिणारा, नेहाल नळ. वाक्याची बांधणी मराठीचीच ठेवलीत. 'मी' तसंच ठेवलंत आणि 'तू'चं 'वू' केलंत. जाण्यासाठी तुम्ही एक अरबी धातू जसाच्या तसा उचलला, र, ह, ल. त्याचा आ-इच्या साच्यातला शब्द झाला राहिल, म्हणजे जाणारा. मी खो खो हसले. आपल्याकडं राहीन न म्हणता राहिलच म्हणतात, आणि इथं राहिल म्हणजे निघालेला! तुम्हीही हसलात. "हे एक बरं झालं. कुणी ऐकलं तर त्याला उलटंच वाटेल." तुम्ही कामावर निघताना मी फाटकाशी उभी राहून विचारायची, "वू राहिल?" आणि तुम्ही स्कूटरला किक मारता मारता म्हणायचात, "मी राहिल." शेजारच्या अक्कांना काय वाटत असेल कोण जाणे.

त्या भाषेत मी कधीच अडखळले नाही. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. संध्याकाळी तुम्ही चहा घेऊन पायरीवर बसायचात, मी शाळेतलं सगळं तुम्हाला सांगायची, शब्द नसला तर जागच्या जागी ओतायचा. पायरी आणि स्वयंपाकघर ह्यांच्या मधे जाळीची एक खिडकी होती. आतून कुकरची शिट्टी, फोडणीचा वास, आईच्या बांगड्या. आई कधी बाहेर आली नाही. एकदा मी म्हणाले, आईला पण शिकवूया, तर तुम्ही म्हणालात, तिला कामं असतात. आणि आतून ती म्हणाली, "मला नको बाई तुमचं ते येड्यागत. चहा झाला असला तर कप आत द्या." मला वाटायचं, आईला आपला राग येतो. खरं सांगायचं तर मला ते थोडं आवडायचंही.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच. मी पाचवीत असेन. त्या भाषेत माझं नाव नव्हतं, तुम्ही मला नुसतं 'वू' म्हणायचात, आणि मला माझं नाव तिथं हवं होतं. म्हणून मी माझ्या नावातली अक्षरं घेऊन एक धातू केला, साच्यांत ओतून बघितला, आणि तुम्ही घरी यायची वाट बघत फाटकावर बसले. तुम्ही स्कूटर लावत होतात. मी तो धातू सांगायला लागले, आणि पहिल्याच अक्षराला तुमचा चेहरा बदलला. "नाही. ह्या भाषेत क नाही." मी म्हटलं, एकच घेऊ. "एकदा सांगितलं ना? क येणार नाही म्हणजे नाही." तुम्ही इतक्या मोठ्यानं माझ्याशी कधी बोलला नव्हतात. मी 'का' असं विचारायला गेले आणि त्या एका अक्षरावरच अडकले. का, का, का. तुम्ही ते ऐकलंत, स्कूटर परत वळवलीत आणि निघून गेलात. कुठं गेला होतात, अण्णा? मी आत जाऊन कॉटखाली बसले. मला एवढंच कळलं होतं की जगातल्या एकाच ठिकाणी मला बोलता येतं आणि तिथं माझ्या नावाला जागा नाही.

पुढच्या वाढदिवसाला तुम्ही मला एक धातू दिलात. ल, स, र. "ह्याला अजून अर्थ नाही. अर्थ तू घाल. आणि आजपासून हे तुझं नाव." मैत्रिणींना फ्रॉक मिळायचे, कंपासपेट्या मिळायच्या. मला तीन अक्षरं मिळाली आणि मी ती कितीतरी दिवस रिकामीच बाळगली, वापरून संपतील अशी भीती वाटायची. शेवटी अर्थ घातला तो वाट बघण्याचा. तुम्ही विचारलंत, एवढ्या सगळ्यांतून हाच का? मी सांगितलं नाही. तुम्ही इराकला होतात तेव्हा मी आणि आई संध्याकाळी काहीही कारण नसताना फाटकाशी जाऊन उभ्या राहायचो, एवढंच त्याचं कारण होतं.

मग मी मोठी झाले. बोलणं कॉलेजात बरंच सुटलं. कुठला शब्द टाळायचा, कुठं दम घ्यायचा, हे ज्याचं त्याला जमत जातं. आपली भाषा हळूहळू फोनपुरती उरली. माझं लग्न, ते मोडणं, ही नोकरी, हे सगळं तुम्ही बघितलंत, आणि ते मोडलं तेव्हा तुम्ही फोनवर काही विचारलं नाहीत, आपल्या भाषेत एवढंच म्हणालात की पायरी अजून तिथंच आहे. तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन यशवंतपूरच्या बाजूला लहानसं घर घेतलं होतंत आणि त्या घराला मागची पायरी नव्हतीच.

आता इस्पितळ. ती दुपार मी अनेकदा मनात परत परत बघितली आहे आणि मला वाटायचं की मला ती पाठ आहे. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसलेले. आई खिडकीजवळच्या स्टुलावर, मांडीवर वर्तमानपत्र पसरून मोसंबी सोलतेय. निपाणीला मामाच्या मुलीचं लग्न आलेलं, आईची बॅग भरून तयार. सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि तुम्ही त्यांना आधीच विचारून घेतलं होतंत, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि अगदी सहज, बसची वेळ सांगावी तसं म्हणालात, "मी राहिल." मग आपल्याच भाषेत सांगितलंत, हिला कळू देऊ नकोस, लग्न होऊन जाऊ दे, आनंदात जाऊन येऊ दे तिला. मी मान हलवली. आईनं मान वर न करता विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हणाले, बरं वाटतंय म्हणतायत. "मग एवढी फोड खाऊ देत," असं म्हणून तिनं फोड तुमच्या हातात दिली, आणि तुम्ही ती खाल्लीत. मला तेव्हा वाटलं, ह्या खोलीत एवढं मोठं ओझं मी एकटी धरून बसले आहे.

आई लग्नाला गेली नाही. गुडघा धरलाय, एवढा वेळ गाडीत बसवणार नाही, म्हणाली. तुम्ही चिडलात. "अगं जा की! सख्ख्या भावाच्या पोरीचं लग्न आहे." ती म्हणाली, "लग्न काय, पोरगी काय, कुठं पळून जात नाहीत. मागनं जाऊन येईन." आणि बॅग रिकामी करून साड्या परत कपाटात लावल्या. रोज तुमच्याजवळ बसायची, विणायची, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायची, शेजारच्या खाटेपाशी बसणाऱ्या आजींशी कन्नडमध्ये गप्पा मारायची. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्याजवळ होती. मी कितीतरी लोकांना सांगितलं, नशीब बघा, तिचा गुडघा दुखत होता म्हणून ती तिथं होती.

त्यानंतर आई माझ्याकडं राहायला आली. तिनं इथं बस्तान बसवलं. भाजीवाल्याला 'स्वल्प कमी करा' म्हणून सांगायची, खालच्या बाकावर दोन मैत्रिणी केल्या. मी सकाळी जायची, दिवसभर मीटिंगा, परत येताना रिंग रोडवर गाड्यांच्या मागं गाड्या. आम्ही एकमेकींशी बोलायचो ते भाजीचं, गोळ्यांचं, मावशीच्या फोनचं. वाईट काही नव्हतं, अण्णा. पण तिच्यासमोर बोलताना मी अजूनही शब्द निवडायची. एवढी वर्षं झाली तरी माझ्या जिभेला ती पुढ्यात उभी असल्यासारखीच वाटायची.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले. घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरी राहूनच सांगितलं, काही विशेष नाही, गोळ्या बदलल्यात. तिनं हातातली काडी खुडून टाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी राहिल का गं?"

मी म्हणाले, "राहशील की. न राहायला काय झालंय तुला?"

"तसं नाही," ती म्हणाली. "तुमच्या भाषेत विचारतेय."

मी गॅस बंद केला. मागं वळायला मला वेळ लागला. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, काड्या एकीकडं, पानं एकीकडं करत होती. मी म्हटलं, "तुला येते?"

"मधे नुसती जाळीची खिडकी होती. बहिरी हाय व्हय मी?"

"अण्णांना माहीत होतं?"

"त्यांना कशाला सांगू? ते मग त्यात पण बोलायचे बंद झाले असते." मग हात थांबवून म्हणाली, "मी काय विचारलं त्याचं सांग."

मी तिच्याजवळ खाली बसले. मराठीत मला ते सांगता आलं नसतं. मी म्हणाले, "राहिल."

"सरी. बरं," ती म्हणाली, आणि उरलेली जुडी पुढं ओढली.

त्या संध्याकाळी ती बोलत राहिली, अण्णा, आणि मी ऐकत राहिले. इस्पितळात तुम्ही 'मी राहिल' म्हणालात ते तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि पुढचंही सगळं. "काय म्हणतायत असं मी मुद्दाम विचारलं. नसतं विचारलं तर तुम्हाला संशय आला असता." मी विचारलं, मग बोलली का नाहीस त्यांच्याशी? ती म्हणाली, "त्यांना वाटत होतं की मला माहीत नाही म्हणून मी बरी आहे. मी बरी आहे असं बघूनच त्यांना बरं वाटत होतं. ते कशाला काढून घेऊ?" म्हणजे त्या खोलीत आपण तिघं होतो आणि तिघंही आपापल्या जागी गप्प. तुम्ही तिच्यासाठी, ती तुमच्यासाठी. आणि मी मूर्खासारखी गुडघ्याला नशीब म्हणत होते.

आणि दुसरी गोष्ट. ही तुम्हाला माहीत होती आणि तुम्ही मला कधी सांगितली नाहीत. ती म्हणाली, "तुला काय वाटलं, त्या भाषेत क का नव्हता?" आणि तीच पुढं सांगायला लागली. "तुझ्याकडनं पाढे मी म्हणून घ्यायची. कविता मी पाठ करून घ्यायची. कुठल्या अक्षराला तुझं तोंड अडतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? हे परत आले तेव्हा मीच बसून सांगितलं. क, ग, च, ट, त, द, प, ब. म, न, ल, र, स, व, ह ला काही होत नाही. ते म्हणाले, मग तेवढ्यातच करू." मी तेव्हा मनात आपले सगळे धातू एकेक करून आठवत गेले. त्यात एकही अडणारं अक्षर नव्हतं. मी त्यांत इतकी वर्षं बोलले आणि कधी मोजून बघितलं नाही. ती म्हणाली, "क वरनं रागावले ना तुझ्यावर, त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, एक क आत आला की सगळं परत सुरू व्हायचं. घाबरले होते गं ते."

मी विचारलं, मग तू का नाही आलीस कधी पायरीवर? तिनं निवडलेली पानं चाळणीत सारखी केली. "हे म्हणाले होते, तिघं मिळून करू. मीच नको म्हटलं. मी समोर आले की तू अडायचीस. तेवढं मला कळत होतं की. आतनं ऐकू येत होतं, ते बास होतं." मग म्हणाली, "तू घडघड बोलायचीस. मी फोडणी द्यायची थांबायची, आवाजात ऐकू येणार नाही म्हणून."

मला तुमच्यावर राग आहे, अण्णा. लहानपणी सांगितलं नाहीत ते समजू शकते. पण मी तीस-पस्तिशीची झाल्यावर, एखाद्या फोनवर, एवढं एक वाक्य सांगता आलं नसतं का? मी आईला इतकी वर्षं खिडकीच्या आतली समजत आले, आणि ती तिथं माझ्यासाठी उभी होती.

त्यानंतर आम्ही दोघी बोलायला लागलो. तिला शब्द यायचे ते कानावर पडलेले, सबंधच्या सबंध, पोपटासारखे. ते तीन अक्षरांचे असतात आणि आतले स्वर बदलतात, हे तिला ठाऊकच नव्हतं, कारण आपल्या भाषेचं ते तुम्ही मला कारखान्यात शिकवलं होतंत, पायरीवर बोललात ते फक्त अरबीचं. दिवाळीला तिनं बसल्या बसल्या माझ्याकडून चकल्या करून घेतल्या. मी सोऱ्या दाखवून तिला समजावलं, हे पीठ म्हणजे तीन अक्षरं, आणि ह्या चकत्या म्हणजे स्वर. ती माझ्याकडं बघत राहिली. "मग हे आधी सांगायचं की! पीठ तेच, चकती बदलली की शेव." आणि त्या दिवसापासून जी सुटली ती सुटलीच. पेल्याला नेहाल म्हणायला लागली. मी म्हटलं, नेहाल म्हणजे नळ, तर म्हणाली, पाण्याची जागा ना? मग पेल्यात काय असतं? मी ऑफिसला निघाले की पलंगावरून विचारायची, "वू राहिल?" मी म्हणायची, राहिल, पण येते परत. सकाळची दूधवाली अक्का हे ऐकून एकदा माझ्याकडं अशी बघत राहिली की आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. आणि अण्णा, तिच्यासमोर, तिच्याकडं बघत, मी सगळं बोलले. माझ्या लग्नाचं, ते मोडलं तेव्हाचं, तुम्हालाही न सांगितलेलं. एकदाही अडले नाही.

संक्रांत झाल्यावर ती बोलायची थांबली आणि मग काही दिवसांत गेली. घरीच गेली, तिला हवं होतं तसं.

आता मी दिवसभर बोलते. माझ्या टीममधल्या कुणाला सांगितलं की ही बाई लहानपणी स्वतःचं नाव सांगू शकत नव्हती, तर त्यांना पटणार नाही. हिंदीत बोलते, इंग्रजीत बोलते, लिफ्टमध्ये पुण्याचं एक जोडपं भेटतं त्यांच्याशी मराठीत चार वाक्यं बोलते. मग दार उघडून आत येते. त्या भाषेत मनातल्या मनात बोलता येतं, धातू सगळे शाबूत आहेत, साचेही. परवा बाल्कनीत उभी राहून एक शब्द मोठ्यानं म्हणून बघितला. शेजारच्या बाल्कनीतल्या माणसानं इअरफोन काढून विचारलं, "क्या बोला, मॅडम?" मी म्हटलं, कुछ नहीं.

एक सांगायचं राहिलं. दिवाळीनंतरच्या त्या दिवसांत तुमची तिथी येऊन गेली आणि आम्ही दोघी ती विसरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पान वाढलं नाही, फोटोला हार नाही. त्या दिवशी आम्ही काय करत होतो म्हणाल, तर झोपेसाठी नवा धातू शोधत होतो आणि भांडत होतो. तिच्या लक्षात आलं ते दोन दिवसांनी. मी एकदम उठलेच. ती म्हणाली, "बस खाली. असू दे. त्यांना कोण जाऊन सांगणार आहे?"

मी हसले होते तेव्हा. आणि आज मीच सांगून बसले.